कणगी, पेव आणि बारदान

घोड नदी आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगवते. डिंभ्याला अडते, घोडेगाव मागे टाकून मंचरच्या अंगाने चांडोली-कळंबकडे उतरते आणि पुढे शिरूर तालुका पार करून भीमेला मिळते. या नदीच्या काठाला माणसाने धान्य कुठं आणि कशात ठेवलं याचा माग काढायचा म्हटला तर तीन हजार वर्षं मागं जावं लागतं. कुणाला ही बढाई वाटेल. पण पुरावा जमिनीतून निघालेला आहे.

१९६० च्या सुमाराला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी आमच्या चांडोलीला पांढरीचं टेकाड खणलं. माझा जन्मही त्याच सुमाराचा. त्या खणण्यात तांब्याची हत्यारं निघाली, रंगवलेली मडकी निघाली, अळशीच्या धाग्यात ओवलेले तांब्याचे मणी निघाले. मेलेली तान्ही लेकरं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून घरातच पुरलेली सापडली. पुढे १९६८ पासून याच नदीवर खाली शिरूर तालुक्यात इनामगावला खणायला घेतलं, ते काम बरीच वर्षं चाललं. तिथं जव, गहू, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे मिळाले. धान्याची पेवं मिळाली, कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटे मिळाले आणि वस्तीतल्या मोठ्या माणसाच्या घराशेजारी धान्याचं कोठारही मिळालं. एक माणूस तर चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणासारख्या भांड्यात बसवून पुरला होता. जन्मभर ज्या मातीच्या भांड्यातलं खाल्लं, मेल्यावरही त्यातच.

मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी आहे, संशोधक नाही. पण इनामगावच्या त्या गोल ओट्यांचं चित्र पुस्तकात पाहिलं तेव्हा मला ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या जुन्या घराच्या माजघरात तसाच ओटा होता आणि त्यावर आजीची कणगी होती.

आमच्या भागात मोठ्या माणसांची साठवण दगडात दिसते. शिवनेरीवर अंबरखाना अजून उभा आहे. शिबंदीचं धान्य तिथं राहायचं. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकात टाकायचे असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर गोण्यांतून खाली कोकणात जायचा आणि मीठ वर यायचं. ही झाली राजाची आणि व्यापाऱ्याची साठवण. कुणब्याची साठवण माती, काड्या, पाला, राख आणि शेण यांची. म्हणून ती राहिली नाही आणि तिचा इतिहासही कुणी फारसा लिहिला नाही.

तिच्यात एक हिशोब होता, तो आधी सांगतो. खायची वस्तू दोन तऱ्हेची. एक वाळलेली आणि एक ओली. वाळलेली वस्तू कोंडून ठेवायची, ओलीला वारा द्यायचा. सगळी जुनी भांडी या एका हिशोबावर उभी होती.

वाळलेल्याचं उदाहरण म्हणजे पेव. गावातल्या उंच, कोरड्या पांढरीत खड्डा घ्यायचा. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं. आत काटक्या पेटवून भिंती शेकून काढायच्या. तळाला आणि कडेला कडबा, भुसकट लावायचं, ज्वारी भरायची, वर फरशी ठेवून मातीने तोंड लिंपून टाकायचं. वीस मणांची एक खंडी, अशा कित्येक खंड्या एका पेवात मावायच्या. आतला दाणा आणि त्यातले किडे हवेतला प्राणवायू संपवून टाकत. मग किडा जगायचा कशावर? औषध नाही, पावडर नाही, आपोआप कीड मरायची. पण तोच धोका माणसालाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. वारा खेळू द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. घाईने उतरलेली माणसं आतच राहिल्याच्या गोष्टी जुनी माणसं सांगत. पेवातली ज्वारी कडेने काळी पडायची, तिला वास यायचा आणि ती पेरायला कुणी घेत नसे. पण दुष्काळात तीच घर तारायची. ‘पेव फुटणे’ हा शब्द आपण आज शाळा-कॉलेजांना आणि हॉटेलांना लावतो, तो मूळचा या खड्ड्याचा.

पेव फक्त ज्वारीचंच असं नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती आणि देशभरचे व्यापारी आपली हळद तिथं ठेवायला देत. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाण्याने गेली.

ज्याच्याकडे खंडीने पिकायचं नाही त्याची कणगी. निरगुडीच्या फोकांची, तुराट्यांची नाहीतर बांबूच्या कांबट्यांची ती विणायची. आतून बाहेरून शेणमातीने लिंपायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि दगडावर नाहीतर ओट्यावर ठेवायची, म्हणजे खालून ओल येत नाही. खाली एक छोटं तोंड, त्याला चिंधीचा बोळा. बोळा काढला की पायलीभर ज्वारी खळखळ बाहेर. वाड्यातल्या बड्या घरांत भिंतीत किंवा जमिनीखाली बळद असायचं. रब्बीची ज्वारी होळीच्या आसपास घरात यायची. आजी ती चार-चार उन्हं द्यायची आणि एक दाणा दाताखाली धरायची. कट्ट वाजला तर भरायला परवानगी. नुसता दबला तर परत अंगणात. आता आर्द्रता मोजायचं यंत्र मिळतं. आजीचं यंत्र तिच्या तोंडात होतं.

कडधान्याला राख. हुलगा, मटकी मडक्यात भरताना चाळलेली राख मिसळायची. राख दाण्यादाण्यातली फट बुजवते, किड्याला हलायला जागा राहत नाही आणि त्याचं अंग खरवडून सुकून जातं. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. ज्वारीत कडुनिंबाचा पाला. मडक्यांवर मडकी रचून उतरंड, सगळ्यात खाली जड वस्तू आणि वरच्या लोटक्यात पैसे-चिल्लर. लोणच्याला चिनी मातीची बरणी, तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं. तेला-तुपाला कातड्याचे बुधले होते, ते मी शेवटचे शेवटचे पाहिले. त्यांच्या जागी पत्र्याचे डबे आले आणि डालड्याचा रिकामा डबा तर घराघरात धान्याचं माप होऊन बसला.

बियाण्याची गोष्ट वेगळी. दुध्या भोपळा वाळवून पोकळ करायचा, त्यात बी भरून चुलीच्या वर धुरात टांगायचं. मक्याची कणसं, लसणाच्या जुड्या आढ्याला. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. कणगीच्या तळाला हात लागला होता. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो यायची, शाळेत सुकडी मिळायची आणि घरची मोठी माणसं खडी फोडायला जायची. त्या सबंध वर्षात आजीने बियाण्याचं गाडगं सोडलं नाही. पोरं रडली तरी नाही. पुढच्या पावसाला गावात ज्यांच्या घरी बी होतं त्यांनी वेळेवर पेरलं, बाकीच्यांनी सवाईने उसनं काढलं. साठवण म्हणजे थांबायची ताकद, हे मी त्या वर्षी पाहिलं. ज्याच्या घरात ठेवायची सोय आहे त्याला बाजार घाई करू शकत नाही.

आता ओल्या वस्तूंचं. कांदा, बटाटा, भाजी, भाकरी, दही यांना वारा पाहिजे. भाकरी शिपतरात, वरून सुती फडकं. भाकरीची वाफ फडकं पिऊन घ्यायचं, म्हणून दुसऱ्या दिवशीची शिळी भाकरीही खायला चांगली लागायची. दही-दूध शिंक्यावर, म्हणजे वाराही लागतो आणि मांजरही लांब राहतं. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं ही म्हण उगाच नाही आली.

कांद्याची बराखी आणि बटाट्याची अरण ही तर आमच्या मंचर-घोडेगाव-जुन्नर पट्ट्याची खास कारागिरी. बराखी म्हणजे वाशांवर उभी केलेली, तुराट्यांच्या नाहीतर कामट्यांच्या कुडाची, वर पाचटाचं छप्पर असलेली लांबट खोली. चारी बाजूंनी वारा आरपार. उन्हाळी कांदा त्यात चार-पाच महिने टिकतो. आजची कांदाचाळ ही तिचीच शिकलेली लेक आहे. अरण तर त्याहून साधी. निंबाच्या किंवा आंब्याच्या गार सावलीत बटाट्याचा ढीग घालायचा, त्यावर पाला, कडबा, पाचट. ऊन लागू द्यायचं नाही, लागलं तर बटाटा हिरवा पडतो. कोंडू द्यायचं नाही, कोंडला तर सडतो. सातगाव पठाराचा बटाटा असो नाहीतर खालच्या बागायतीचा, विजेशिवाय आणि पिशवीशिवाय भाव येईपर्यंत शेतकऱ्याला थांबायची सोय या पाल्याने दिली.

बाजाराची बांधाबांधही अशीच. आमच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या महादेव कोळी बाया करवंदं, जांभळं पानांच्या द्रोणात घेऊन बाजाराला यायच्या. पळसाच्या पत्रावळींचे गठ्ठे डोक्यावर आणायच्या. मटण सागाच्या पानात, प्रसाद पळसाच्या पानात, गुळाची ढेप तरटात. किराणा दुकानदाराच्या डोक्यावर सुताचा गुंडा टांगलेला असायचा. रद्दी कागदाची पुडी वळून तो असा काही झटक्यात दोरा गुंडाळायचा की पोरं बघत राहायची. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या बारदानात. मुंबईकरांना आरेचं दूध काचेच्या बाटलीत मिळायचं आणि रिकामी बाटली परत गेल्याशिवाय भरलेली हातात पडायची नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल, काय सोन्याचे दिवस होते. तसं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ही सगळी सोय कुणाच्या तरी कमरेवर उभी होती. कणगी लिंपणं, धान्याला ऊन देणं, पाखडणं, राख चाळणं, फडकी धुणं ही कामं बाईची. चैत्र-वैशाखात आईची पाठ मी कधी सरळ पाहिली नाही. मडकी कुंभाराची, टोपल्या-पाट्या बुरुडाच्या, दोर आणि शिंकी मातंगाच्या हातची, बुधले ढोर-चांभारांचे. त्यांना सुगीला खळ्यावर जे बलुतं मिळायचं त्यात वर्ष निघायचं नाही. शिवाय शिवाशिव. ज्याने वळलेलं शिंकं देवघराशेजारी चालायचं, त्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. त्यांची पोरं शिकली, पुण्या-मुंबईला आणि पुढे चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत गेली, हे चांगलंच झालं. पण त्याचा अर्थ असा की आमच्या घरातलं मडकं फुटण्याच्या आधी मडकं घडवणारा हात गेलेला होता.

मग धान्यही गेलं. १९६४ साली हायब्रीड ज्वारी आली. दाणे भरघोस, पण पावसात सापडली की काळी पडायची आणि कणगीत लवकर किडते अशी बायकांची तक्रार असायची. डिंभ्याचं धरण झालं. ज्या आंबेगावच्या नावाने आमचा तालुका आहे ते गावच त्या पाण्याखाली गेलं. खाली कालव्याला पाणी आलं आणि ज्वारीच्या रानात कांदा, बटाटा, टोमॅटो, ऊस उभा राहिला. वर्षाचं धान्य घरात ठेवायची गरज सरली. महिन्याचा किराणा आणायची चाल पडली. महिन्याभराच्या धान्याला कणगी कोण लिंपणार? म्हणून मी म्हणतो, कणगी प्लास्टिकने मारली नाही. ती रिकामी झाली तेव्हाच मेली. प्लास्टिक आलं ते तिच्या मोकळ्या जागेत.

ते आलं खताच्या गोणीतून. युरियाच्या गोणीत आत पातळ पिशवी असायची. ती पिशवी धुऊन आम्ही पावसात डोक्यावर खोळ करून घेत असू. इरलं विणायचे कष्ट वाचले. पुढे गोणीच प्लास्टिकच्या धाग्याची झाली. त्याआधीचं बारदान बंगालचं. कलकत्त्याजवळ रिश्र्याला १८५५ मध्ये तागाची पहिली गिरणी निघाली आणि तिथून तागाचं पोतं देशभर गेलं. फाळणीत तागाची बरीचशी शेतं पलीकडे आणि गिरण्या अलीकडे राहिल्या. नंतर प्लास्टिकच्या गोणीने तागाला इतकं दाबलं की १९८७ साली संसदेला कायदा करून ठरावीक मालासाठी तागाच्या पोत्याची सक्ती करावी लागली. रेशनच्या दुकानात आजही तागाचं पोतं दिसतं ते त्यामुळे.

गंमत म्हणजे धान्य साठवायला प्लास्टिक प्रथम शिकवलं ते शास्त्रज्ञांनीच, आणि ते मातीत लपवून. दिल्लीच्या पुसा संस्थेने ‘पुसा कोठी’ काढली. कच्च्या विटांची दुहेरी भिंत आणि मध्ये प्लास्टिकचा कागद. पेवाचं कोंडणं आणि कणगीची माती, दोन्ही एकत्र. आता अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतल्या चवळीसाठी काढलेली हवाबंद थैली जगभर गेली आहे. तिचं तत्त्व पेवाचंच, हवा संपवून कीड मारायची. थैली प्लास्टिकची आहे, पण ती जपून वापरली तर अनेक हंगाम चालते आणि धान्यात विषारी गोळ्या टाकाव्या लागत नाहीत. झोपायच्या खोलीत धान्याला त्या गोळ्या लावून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यापेक्षा ती थैली परवडली.

म्हणून मला सगळं प्लास्टिक एका दोरीत बांधता येत नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोचे क्रेट असतात. पूर्वी लाकडी खोकी होती, त्यांना झाडं तुटायची आणि खिळ्यांनी टोमॅटो फाटायचा. क्रेट वर्षानुवर्षं फिरतो. आमचं रान नासवलं ते एकदा हाताळून फेकायच्या पिशवीने. ओढ्याच्या काठाला, बाभळींना, गाईच्या पोटात तीच. आमच्याच गोठ्यातली एक गाय फुगून मेली, तिच्या पोटातून डॉक्टरांनी पिशव्यांचा गोळा काढला. लग्नाच्या पंगतीत पळसाची पत्रावळ जाऊन थर्माकोलचं ताट आलं, ते उकिरड्यात गेलं तर शेणखतातून रानात येतं आणि नांगराला दरवर्षी भेटतं.

सरकारने कायदे केले. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या ताटल्या, पेले, चमचे बंद केले. त्या वर्षाअखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीलाही मनाई आली. तरी आठवडे बाजारात कोथिंबिरीच्या जुडीबरोबर पातळ पिशवी येतेच. लोक विचारतात, पर्याय काय?

पर्याय आमच्या घरात होता आणि त्याचा हिशोब अजून चुकलेला नाही. वाळलेली वस्तू कोंडून ठेवा. पत्र्याची कोठी, स्टीलचा डबा, काचेची नाहीतर चिनी मातीची बरणी. आधी चांगलं ऊन द्या आणि दाणा दाताखाली वाजवून बघा, कारण ओला दाणा कोठीतही बुरसतो. ओल्या वस्तूला वारा द्या. कांद्या-बटाट्याला बारदान, टोपली, नाहीतर मोकळी फळी. पालेभाजीला ओलं फडकं. भाकरीला सुती कापड. भाकरी किंवा कांदा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, थोड्या वेळाने पिशवीला आतून घाम आलेला दिसेल. तो घाम म्हणजे पुढची बुरशी. पर्यावरणाचं सोडा, खाण्याच्या दृष्टीनेसुद्धा ओल्या वस्तूला ती पिशवी चुकीचीच आहे.

हे सगळं करायला आज बाईलाच परत कमरेत वाकवायचं असेल तर मात्र ते मला मान्य नाही. धान्याला ऊन देणं, कोठी घासणं, फडकी धुणं पुरुषालाही येतं. हात मोडत नाहीत. मी साठीनंतर शिकलो, सूनबाई हसली, पण आता तो माझाच विभाग आहे.

आणि जुन्या वस्तू जुन्या भावात मागायच्या नाहीत. एका पत्रावळीला किती पानं लागतात, ती झाडावरून काढायला, वाळवायला, काड्या टोचून जोडायला किती वेळ जातो, हे एकदा बसून मोजावं. आमच्या कांद्याला दहा किलोमागे दोन रुपये कमी मिळाले तर आम्ही रस्त्यावर उतरतो. तेच आम्ही बाजारात पत्रावळींच्या गठ्ठ्यापाशी उभे राहून त्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. बुरुडाच्या पाटीचा भाव ऐकून ‘एवढे?’ म्हणतो आणि शेजारच्या दुकानातून प्लास्टिकचं टोपलं उचलतो. टोपली विणणारी थोडी घरं अजून आहेत, पत्रावळी लावणाऱ्या बाया अजून डोंगरातून खाली येतात. त्यांच्या पोरांनी हे काम पुढे करावं असं आपल्याला वाटत असेल, तर त्या कामावर त्यांचं घर चाललं पाहिजे. नाहीतर चांडोलीच्या मडक्यांसारखी ही टोपलीही उद्या कुणीतरी जमिनीतून खणून काढील, आणि ती कशी विणत होते ते सांगायला कुणी नसेल.